पहिला रविवार आणि नऊ कमिट्या

२६ ऑगस्ट २०१८, रविवार

वही पुन्हा उघडली. एप्रिलात क्लीओटस गेला त्या दिवशी बंद केली होती. परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तदाब वाढलाय, मनातलं कुणाशी तरी बोलत जा." कुणाशी बोलू बाई? म्हटलं, वहीशी बोलावं. ती मध्ये तोंड घालत नाही.

क्लीओटस बोटराइट या विद्यापीठातला पहिला काळा प्राध्यापक. गणित शिकवायचा आणि मासे तळायचा, दोन्ही सारख्याच भक्तीनं. १९८१ साली मी मिसिसिपीहून इथं आयोवात, मक्याच्या रोगांवर संशोधन करायला आले. दुसऱ्याच आठवड्यात हा माझ्या दारात उभा, हातात झाकलेलं भांडं. नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न, "जेवलीस का?" दोन आठवड्यांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. मी दारातच रडले. तो म्हणाला, "रड, पण मासे गार होतील."

तिथून पहिला रविवार सुरू झाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्च सुटल्यावर, एक वाजता, माझ्याकडे जेवण. भर होती तेव्हा आम्ही सात जण होतो. अख्ख्या विद्यापीठात काळे प्राध्यापक तेवढेच. 'कशी आहेस' असं तिथं कुणी विचारायचं नाही. विचारायचं, "या महिन्यात तुला कोण काय म्हणालं?" मग प्रत्येकानं आपला अपमान सांगायचा, नकलांसकट. ज्याचा सगळ्यांत भारी, त्याला चीज घालून भाजलेल्या मॅकरोनीचा कोपऱ्यातला कुरकुरीत तुकडा. त्या तुकड्यासाठी आम्ही अपमान जपून ठेवायचो. आठवडाभर कुणी टोचून बोललं तर मनात यायचं, थांब बाबा, तुझ्यावर रविवारी कोपरा मिळवते.

सातांतले दोघं वारले, चौघं निवृत्त होऊन किंवा आधीच कंटाळून उन्हाकडे गेले. उरले मी.

आता ठरवलंय, पुन्हा सुरू करायचं. माझ्यासाठी नाही, नीव्हासाठी. नीव्हा टोलिव्हर, इतिहास विभागातली, तेहतीस वर्षांची, बर्मिंगहॅमची पोर. अलाबामातल्या जुन्या काळ्या सुइणींवर पुस्तक लिहितेय. यंदा तिचं तिसरं वर्ष, म्हणजे तपासणीचं. पार पडली तर पुढची तीन वर्षं आणि मग कायम. नाही पडली तर गाशा गुंडाळा. एकटी पोर, या बर्फाळ गावात. तिला कुणाचा तरी आधार हवाच.

२ सप्टेंबर, रविवार

आली! एक वाजता सांगितलं होतं, पाच मिनिटं आधी आली. हातात बाजारचा केक. मी केककडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मिस अल्मेटा, मला स्वयंपाक येत नाही."

"अलाबामाची ना तू? आईनं काय शिकवलं मग?"

"आई म्हणाली, पुस्तकं वाच, चूल माझ्याकडे राहू दे."

शहाणी बाई असणार तिची आई.

दुसरा पाहुणा क्वाकू अम्पोफो. इंजिनिअरिंगला शिकवतो, मूळचा घानाचा, इथं येऊन आठ वर्षं झाली. त्याला मीच आग्रहानं बोलावलं, दोघींचं टेबल फार लहान दिसतं म्हणून. कोलार्डच्या हिरव्या पाल्याची भाजी त्यानं तीनदा घेतली आणि वर सांगतो, "आमच्याकडे यात शेंगदाणे घालतात, मग चव येते." मी म्हटलं, "तुमच्याकडे घाला."

मग मी रीत सांगितली. क्वाकू म्हणाला, "मला कुणी काही बोलत नाही. मी पाच वाजता घरी जातो." बाद!

नीव्हा म्हणाली, "परवा स्वागतसमारंभात अर्थशास्त्राच्या एका गोऱ्या गृहस्थानं माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाला, अल्मेटा, तुमच्या सदतीस वर्षांच्या सेवेबद्दल मनापासून अभिनंदन!"

मी सहासष्ट वर्षांची, केस कापसासारखे. ही तेहतीसची. "मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आभारी आहे, पण मनानं मी अजून तिशीतच आहे. तर म्हणतो, ते दिसतंच!"

हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. क्वाकूनं भाजीचा चमचा खाली ठेवून डोळे पुसले. कोपरा अर्थातच नीव्हाला. क्लीओटस असता तर उठून उभा राहिला असता.

निघताना तिनं हळूच विचारलं, "नेमणुकांच्या कमिटीवर बोलावलंय. घेऊ का? पुस्तकाचं दुसरं प्रकरण अर्धं पडलंय."

मी तिला या टेबलाचा पहिला नियम सांगितला. कमिटीवर बोलावलं की नाही म्हणायचं नाही. क्लीओटस सांगायचा, ज्या खोलीत आपलं माणूस नसतं, तिथं आपल्याबद्दल काय काय ठरतं ते मी दाराबाहेर उभं राहून ऐकलंय. म्हणून दार उघडलं की आत जाऊन बसायचं. पुस्तक काय, कुठं पळून जातंय?

क्वाकू मध्येच म्हणाला, "पण ती नाही म्हणाली तर काय होईल?"

"दुसऱ्यांदा विचारणार नाहीत."

"तेच तर चांगलं," म्हणाला शहाणा. हा आपल्यातला असून नसल्यासारखा. दरवाजे बंद होतात तेव्हा कसा आवाज येतो, हे त्यानं ऐकलेलं नाही.

नीव्हा हो म्हणणार आहे.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

डीनबाई लिंडक्विस्ट भेटल्या. काळ्यांना, परक्यांना विद्यापीठात सामावून घ्यायला नेमलेल्या समावेशन परिषदेवर येता का, म्हणाल्या. मी म्हटलं, मी म्हातारी झाले, पण तुम्हाला हिरा देते, आणि नीव्हाचं नाव दिलं. जाता जाता विद्यार्थी-गळतीच्या कमिटीसाठीही. रीतसर पत्र दुपारीच पाठवलं. चार ओळी कौतुकाच्या लिहिल्या आणि मनाला इतकं बरं वाटलं! माझं नाव क्लीओटसनं असंच पुढं केलं होतं. तेव्हा मला वाटायचं, या परक्या मुलखात आपलं कुणीतरी आहे.

७ ऑक्टोबर, रविवार

आजचा कोपरा मला. विभागातल्या नव्या पोरानं मला मक्यावरचा करपा समजावून सांगितला, वीस मिनिटं. त्या रोगावरचा त्यानं वाचलेला शोधनिबंध माझाच होता.

नीव्हा थोडी उशिरा आली. म्हणाली, दारापुढं मुलांची रांग लागते. इतिहासाची नसलेली मुलंही येतात, घरची आठवण आली म्हणून, खोलीतली सोबतीण बोलली म्हणून. सगळी काळी मुलं तिच्याकडेच. तीच एक आहे ना त्या इमारतीत! ऐकून मला भरून आलं. ओडेसाच्या दारापुढं अशीच रांग असायची.

ओडेसा प्रुइट माझी जिवाभावाची मैत्रीण. इंग्रजी शिकवायची. अठ्ठ्याऐंशीत आली, चौऱ्याण्णवात बाल्टिमोरला गेली. तिला इथली थंडी सोसेना. काय बाई होती! जिना चढताना गायची आणि वरच्या मजल्यावरचे गोरे लोक घाईनं दारं लावून घ्यायचे, मग ती आणखी मोठ्यानं गायची. आता नाताळला एकमेकींना कार्ड टाकतो, तेवढंच.

४ नोव्हेंबर, रविवार

जेवण झाल्यावर नीव्हा सोफ्यावर बसली आणि बोलता बोलता झोपली. गाढ. तोंड उघडं, हातात चष्मा. मी आईच्या हातची गोधडी तिच्या अंगावर घातली. क्वाकू म्हणाला, "उठवायचं का?" मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. अशी झोप परक्या घरात लागत नाही. साडेचारला दचकून उठली, "चार प्रबंध वाचायचे होते!" म्हणत बूट घालायला लागली. मी हसले. ओडेसाही शेवटच्या वर्षी याच सोफ्यावर अशी झोपायची.

पोरीला माझ्या घरी स्वस्थ वाटतंय. सदतीस वर्षांत मी मक्याचं बरंच काही केलं, पण हे जास्त मोलाचं.

६ डिसेंबर, गुरुवार

विद्यार्थी-शिस्तीच्या कमिटीवर एक जागा रिकामी झाली. नीव्हाचं नाव दिलं. ग्रंथालयाच्या सल्लागार मंडळावरही. माझ्या पत्रांना अजून वजन आहे म्हणायचं.

३० जानेवारी २०१९, बुधवार

शून्याखाली तीस अंश. विद्यापीठ बंद, टपाल बंद. श्वास मिशीवर गोठतो म्हणतात, मला मिशी नाही म्हणून वाचले.

नव्वदच्या आसपास एकदा अशीच थंडी पडली होती. ओडेसाची घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली, मग क्लीओटसची. एकामागून एक सगळे माझ्याकडे आले, पांघरुणं घेऊन. तीन दिवस सात जण एका घरात. क्लीओटसनं टबात कपडे धुतले आणि वाळत घालताना आमच्या आतल्या कपड्यांचं भूमितीत वर्णन केलं. ओडेसानं गायला सुरुवात केली की आम्ही सगळे. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, रस्ते मोकळे झाले, तरी कुणी जाईना. शेवटी मीच म्हटलं, "अरे, निघा आता, माझ्या घरात पीठ उरलं नाही!" आज वाटतं, उगाच म्हटलं.

नीव्हाला फोन केला. म्हटलं, इकडे ये राहायला. "नाही जमणार, मिस अल्मेटा, एका कमिटीचा अहवाल आज द्यायचाय." विद्यापीठ बंद आहे ग! "अहवाल बंद नाही ना."

जरा वाईट वाटलं. पण कामाची आहे पोर. गेल्या आठवड्यात आणखी दोन कमिट्यांसाठी तिचं नाव लिहून दिलं, ते उगाच नाही.

२० फेब्रुवारी, बुधवार

तळपायाची आग मस्तकात गेलीये, अक्षर वाकडं येतंय.

दुपारी नीव्हा प्रयोगशाळेत आली. कोट अंगात तसाच. टेबलावर पत्र ठेवलं आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तपासणीचं पत्र. "तीन वर्षांत पुस्तकाचं एकच प्रकरण प्रसिद्ध. डॉ. टोलिव्हर यांचा सेवाभाव अत्यंत कौतुकास्पद आहे. तथापि पुढील नेमणुकीची शिफारस करणे विभागास शक्य नाही." पंधरा मार्चपर्यंत उत्तर द्यायचं, एप्रिलच्या आत डीनबाई अखेरचा निर्णय देणार.

सेवाभाव! मरमर राबवून घ्यायचं आणि मग विचारायचं, काम कुठाय? हेच, हेच करत आलेत! मी म्हटलं, "रडू नकोस, मी अजून जिवंत आहे."

"मी रडत नाहीये, मिस अल्मेटा. मी दमलेय."

"कमिट्यांची यादी कर. एकूण एक. यांनी तुला कशी जुंपली ते मी डीनबाईंच्या टेबलावर आपटते."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "यादी कशाला, जाऊ दे." मी म्हटलं, काही जाऊ बिऊ द्यायचं नाही. मग तिनं तिथंच कागद घेऊन लिहिली. नऊ.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी डीनच्या कचेरीत गेले. ग्लेंडा तिथं तीस वर्षं आहे, तिच्या कपाटात सगळं असतं. म्हटलं, "या नऊ कमिट्यांवर टोलिव्हरला कुणी टाकलं त्याची कागदपत्रं दे. मला नावं हवीत."

ग्लेंडा घुटमळली. "नक्की हवीत, डॉ. ग्रीव्हज?"

"नक्की."

तिनं फाइल दिली. पहिलं पत्र माझं. दुसरं माझं. तिसरं इतिहास विभागप्रमुखाचं. चौथं, पाचवं माझं. सहावं, सातवं कुणाकुणाचं. आठवं, नववं माझं.

सहा माझी.

शेवटच्यात मी लिहिलं होतं, "हिला नाही म्हणताच येत नाही, हा तिचा मोठा गुण." खाली सही, लफ्फेदार.

ग्लेंडानं पाणी दिलं. ते मी प्याले नाही.

आपलेच दात, आपलेच ओठ. रोग ओळखायचा म्हणून मला पगार मिळतो.

३ मार्च, रविवार

नीव्हा आली नाही. निरोप आला, बरं वाटत नाही. क्वाकू आणि मी समोरासमोर. अपमान कुणीच सांगितला नाही.

मी त्याला फाइलचं सांगितलं. त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "मला माहीत होतं."

"आणि बोलला नाहीस?"

"बोललो होतो, पहिल्याच दिवशी, याच टेबलावर. तुम्ही म्हणालात, दुसऱ्यांदा विचारणार नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "नाताळच्या आधी ती मला विचारायला आली होती, नाही कसं म्हणायचं. मी सांगितलं, सोपं आहे, तोंड उघडायचं आणि म्हणायचं. तर म्हणाली, डीनला म्हणेन, विभागप्रमुखाला म्हणेन, पण मिस अल्मेटांना कसं म्हणू?"

मी उठून भांडी घासायला लागले. तो बराच वेळ पुसत उभा होता. या माणसाला मी काय काय म्हटलंय या वहीत!

१० मार्च, रविवार

आठवडाभर एकच किडा डोक्यात. दुपारी ओडेसाला फोन केला. पंचवीस वर्षांत दुसरा की तिसरा. आवाज तसाच, जरा खरखरीत.

इकडचं तिकडचं झाल्यावर म्हटलं, "ओडेसा, तू इथून का गेलीस?"

"कोण मेलं?" ती म्हणाली.

"कुणी नाही. सांग ना. थंडीमुळे गेलीस ना?"

पलीकडून तिचं ते मोठं हसू. "थंडी! अगं मी डेट्रॉइटची! तुला खरंच इतकी वर्षं थंडीच वाटली?"

मग सांगितलं. चौऱ्याण्णवात तिला कायम करायचं की नाही यावर मत व्हायचं होतं. विभागप्रमुखानं आधीच कानात सांगितलं, पुस्तक नाही, मत विरुद्ध जाईल. तिनं मत होण्याआधीच राजीनामा दिला. टेबलावर सांगितलं नाही, कारण टेबलावरच सगळ्यांनी तिला अकरा कमिट्यांवर पाठवलं होतं. "क्लीओटसनं चार, तू पाच, दोन मी स्वतःच्या पायानं गेले. प्रत्येक वेळी तुम्ही टाळ्या वाजवायचात. त्या टाळ्यांसमोर काय सांगू?"

"मला शिव्या दे," मी म्हटलं.

"दिल्या की. पहिली पाच वर्षं रोज. मग दमले." मग म्हणाली, "अगं, ते आपल्याला दाराबाहेर ठेवत होते हेही खरंच होतं ना. क्लीओटस काही खोटं बोलत नव्हता. तू तरलीस, कारण मका थांबत नाही. करपा पडला की तुला शेतावर जावंच लागायचं, तेव्हा तुला कुणी कमिटी विचारायचं नाही. पुस्तक बिचारं थांबतं. वर्षानुवर्षं थांबतं."

मी रडत होते. सहासष्टाव्या वर्षी फोनवर हुंदके, शोभतं का?

"अल्मेटा, ऐक. इतक्या शहरांत राहिले, इतकी माणसं पाहिली. तुझ्या घरातल्या त्या रविवारांसारखं कुठं जेवले नाही. दोन्ही खरं आहे. आता नाक पूस आणि त्या पोरीचं काय ते बघ."

११ मार्च, सोमवार

नीव्हाच्या खोलीवर गेले. दारापुढं चार मुलं. त्यांना म्हटलं, बाळांनो, आज माझी पाळी.

उभ्यानंच सांगितलं, बसले असते तर धीर सुटला असता. "पोरी, त्या नऊतल्या सहा माझ्यामुळे."

"सात," ती म्हणाली. "नेमणुकांच्या कमिटीला हो म्हणायला तुम्हीच सांगितलं होतं, पहिल्याच रविवारी."

तिला सगळं माहीत होतं. यादी लिहून देताना माहीत होतं.

"मग बोलली का नाहीस ग?"

तिनं चष्मा काढला. "तुम्ही माझं नाव पुढं केलं की मला बरं वाटायचं. या गावात कुणी माझं नाव नीट घेत नाही, तुम्ही मायेनं घ्यायचात. आणि तुम्ही रागावलात, रविवार बंद झाला, तर मी जाऊ कुठं?"

मला वाटत होतं, टेबल मी हिच्यासाठी मांडते आणि ही सुखानं जेवते. ही तर त्याचं भाडं भरत होती, कमिटी कमिटीनं. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "चुकले. माफ कर." माझ्या तोंडून हे शब्द शेवटचे कधी निघाले, आठवत नाही. ती म्हणाली, "हं." नुसतं हं. माफ केलं असं म्हणाली नाही. बरोबरच आहे.

१३ मार्च, बुधवार

डीनबाईंकडे अकरा वाजता. आमच्या टेबलाचा दुसरा नियम, घरातलं घरात. आपली चूक या लोकांपुढं उघडी करायची नाही, कारण एकाची चूक ते सगळ्यांच्या नावावर मांडतात. सदतीस वर्षं पाळला. आज मोडला.

सहा पत्रं टेबलावर ठेवली. म्हटलं, "या सह्या माझ्या. तिला मी जुंपली. पण बैल किती ओझं ओढतोय हे गाडीवाल्यानंही पाहायचं असतं. सहाही पत्रं या कचेरीत आली, एकदा तरी कुणी म्हटलं का, आधीच्या आठ आहेत, नववी कशाला? तुमच्या विभागांतली गोरी माणसं दोन-दोन कमिट्यांवर आहेत. मी काल मोजलं. तिची तपासणी एक वर्ष पुढं ढकला आणि नऊच्या नऊ काढून घ्या."

बाई वाईट नाहीत. पत्रं वाचली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणाल्या, "वर्ष पुढं ढकलण्याचा मला अधिकार आहे, विचार करते. पण तिच्या जागी बसणार कोण? मग त्या कमिट्यांवर कुणीच..." आणि माझ्याकडे पाहिलं.

'मी बसते' हे शब्द जिभेवर आले होते. देवाशपथ आले होते. "ते तुम्ही बघा," म्हटलं.

"तुम्ही आज जे सांगितलंत ते फार महत्त्वाचं आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. "काळ्या प्राध्यापकांवर पडणाऱ्या कामाच्या भाराचा अभ्यास व्हायला हवा. आपण एक कमिटी नेमू या. अध्यक्ष तुम्ही व्हाल का?"

क्लीओटस, ऐकतोयस ना रे? पुढची वीस वर्षं कोपरा माझा!

"नाही," मी म्हटलं. केवढा लहान शब्द. काही पडलं नाही, काही फुटलं नाही. बाई म्हणाल्या, "बरं." मी कोट घातला आणि जिना उतरले. 

२९ मार्च, शुक्रवार

निर्णय आला. तपासणी वर्षभर पुढं. सगळ्या कमिट्यांतून मुक्त. ऑगस्टपासूनचं अर्धं वर्ष शिकवणंही नाही, फक्त लेखन.

नीव्हाचा फोन. मी ओरडले, ती ओरडली.  "मला वाटत होतं, सामान बांधावं लागणार," ती म्हणाली. एवढंच. पुस्तक व्हायचं आहे, वर्ष लहान असतं. पण दार अजून लागलेलं नाही.

येत्या पहिल्या रविवारी मोठा बेत करते. दोन पातेली मॅकरोनी. क्वाकूच्या भाजीत शेंगदाणे घालीन, होऊ दे त्याच्या मनासारखं.

७ एप्रिल, रविवार

पहाटेपासून ओट्याशी होते. चर्चलाही गेले नाही, देव समजून घेईल. मासे कुरकुरीत, भाजी मऊ, मेजावर आईची पांढरी चादर. साडेबाराला फोन वाजला.

"मिस अल्मेटा, मी आज येत नाही."

"का ग? बरं नाही का?"

"बरी आहे. दुसरं प्रकरण चालू आहे. सकाळपासून सहा पानं झाली. उठले तर तुटेल."

माझ्यासमोर सगळं मांडलेलं. तासभरच ये, दोन घास खाऊन जा, तुझ्यासाठीच केलंय ग, सगळं ओठांवर आलं. पलीकडे ती श्वास रोखून होती, मला ऐकू येत होतं. 'सॉरी' म्हणाली नाही. पुढच्या महिन्यात नक्की, असंही म्हणाली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कशाचं ते विचारू नये.

मी म्हटलं, "बरं. सातवं पान लिही." आणि फोन आधी मी ठेवला.